डावा पुढचा

हिरालालभाईंची गाडी रात्रीतून बसते.
बंद पडत नाही, बसते,
पुढचा डावा गुडघा टेकून,
काठेवाडींच्या तळावरल्या उंटासारखी.
सकाळी फोन येतो :
"यासीन, बठी गयी रे पुन्हा."

चोपड्यात अशी गाडी ही एकच.
पुण्याच्या कुणा बिल्डरने दहा वर्षं मिरवली,
मग केळीच्या दोन ट्रकांच्या भावात इकडे आली.
आत अजून त्याच्या अत्तराचा वास,
सीटच्या फटीत कुण्या लेकराचा दुधाचा दात.
दात मी होता तिथेच राहू दिला.

कंपनीवाल्याने फोनवरच निदान केलं :
हवेची सगळी सिस्टिम बदला, साडेसहा लाख.
भाई म्हणाले, तेवढ्यात मी चार बोअर मारीन,
एकाला तरी पाणी लागेल.

मी स्कॅनर लावला. अकरा कोड.
उंचीचा सेन्सर, कंप्रेसर, ब्रेक, हेडलाइट,
मागच्या दाराचंही काही म्हणणं होतं.
अकरा जण एकदम बोलायला लागले
की मी मशीन काढून ठेवतो
आणि चहा सांगतो.

आजा माझा कापूस पिंजायचा.
तातेवर ठोका पडला आणि सूर जरा बसका आला
की हात थांबवायचा :
आज नाही, हवा ओली आहे.
गादीवाला चिडायचा. आभाळ तर निरभ्र.
संध्याकाळी भुरभुर यायची.

माझ्याकडे तात नाही, वही आहे.
पौष, पहाट, सहा अंश : डावा पुढचा चार बोटं खाली,
ऊन चढलं की अर्धा आपोआप वर.
वैशाख, सत्तेचाळीस : दुपारी चारला रिले चिकटतो,
अनेरचा पूल ओलांडताना दिवे मिटतात.
आषाढ, झडीचा तिसरा दिवस :
मध्यरात्री वायपर सुरू. चावी घरात, भाई झोपेत.
राखणदार गुलाब पावरा म्हणाला,
आत कुणीतरी बसलंय,
आणि त्या रात्रीपासून खाट त्याने गोठ्यात नेली.

मी गालिचा उचलला. खाली पाणी,
पाण्यात ती महागडी पेटी,
तिच्या पिनांवर मोरचूद चढलेलं.
पाणी आलं कुठून? खांबातून.
खांबात कुठून? छपराच्या काचेकडून.
जुन्या लुनाची क्लच-केबल नळीत घातली,
हळूहळू ओढली,
तर बाहेर आला निंबाचा फुलोरा,
मातीत मळलेला, काळा, अजून जरासा कडू वासाचा.
चैत्रात झडला होता,
आषाढात गाडीच्या डोक्यात गेला.

"म्हणजे निंब तोडू?"
नको, गाडी हलवा.
"कुठे हलवू? उन्हात?"
इथे मी गप्प झालो.
कारण चाकाच्या वरच्या रबरी फुग्यावर
साबणाचं पाणी सोडलं होतं नुकतंच,
आणि एका केसाएवढ्या भेगेतून
बारीक फेस येत होता, थांबत, पुन्हा येत.
ती भेग उन्हाचीच.
मे महिन्यात पडली, पौषात बोलली.
ज्या ऋतूत गाडी रडते
त्या ऋतूवर मी पहिला आळ घेत नाही.

फुगा इंदूरहून मागवला, जुनाच, पण धडका.
पिना घासल्या, पेटी दोन दिवस तांदळाच्या डब्यात.
नळीच्या तोंडाला जाळी : भाभींची मोडकी चहाची गाळणी.
चावी फिरवली.
आधी नुसती घरघर. मग एक लांब श्वास,
आणि गाडी उठली, मागून आधी, मग पुढून,
भाईंनी नकळत स्वतःचा गुडघा चोळला.

दिवाळीनंतर फोन आलाच नाही.
न राहवून मीच गेलो एकदा, तांबडं फुटताना.
निंबाखाली धुकं, टपावर पानं,
गुलाब पुन्हा अंगणात, घोंगडीत.
चाक आणि मडगार्डच्या मधे बोटं घातली,
मग वही काढली :

कार्तिक, धुकं. डावा पुढचा एक बोट.

बोट माझं.
कंपनीच्या मापात ते किती, माहीत नाही.