नग एक, सुई

उणे एकतीस.
थंडी मी म्हणत होती आणि आम्ही तिला
दातांनी दुजोरा देत होतो.
उलानबातरच्या कोळशाच्या धुरात आमची निळी गाडी
म्हाताऱ्या याकसारखी खोकत उभी.
आत एकशेचाळीस कोट, लोकरीचे मोजे,
कुणाच्या तरी मुलाचा बर्फावर घसरायचा लाल पोशाख
आणि लग्नातला एक सूट. तो कुणी दिला, देव जाणे.

तेमूलेनच्या हातात यादी.
नाव, माप, नग, सही.
पोरगा विद्यापीठात हिशेब शिकतो.
शाई गोठते म्हणून पेन तोंडात धरून बोलतो,
त्यामुळे कुणालाच काही कळत नाही.

मी सेवजिदमा.
कोटांच्या कारखान्यात अडतीस वर्षं अस्तरं शिवली.
निवृत्त झाले तरी कॉलरला सुई असते,
तिच्याभोवती काळा दोरा, सवयीने.

तेमूलेनने मॅनहोलच्या झाकणावर तीनदा बूट आपटला.
दार वाजवायची ती रीत.
झाकण सरकलं. आधी वाफ आली,
वाफेमागून नामजिल.
कपाळावर पाईपाने भाजल्याचा डाग,
केस नीट विंचरलेले.
"कोट घ्या," आम्ही वरून म्हणालो.
"कोट आहे. गेल्या साली तुम्हीच दिलात.
अस्तर फाटलंय एवढंच.
सुई आहे का?"

तेमूलेनने यादी पाहिली.
उलटून पाहिली.

मग माझा हात कॉलरकडे गेला.
हातमोजा काढला, सुई काढली,
आणि दोरा नेमका तेव्हाच निसटला.
ओवायला गेले तर बोटं माझी नव्हतीच,
लाकडाची होती.
दोरा थुंकीने भिजवला, तो क्षणात काडीसारखा ताठ,
पण भोकच दिसेना.
"आजी," खालून आवाज आला,
"वर कशाला कुडकुडताय? खाली या. इथे ओवा."

उतरले. सहा लोखंडी पायऱ्या.
सातवी नाही, हे त्याने आधीच सांगितलं.
खाली माणसाच्या कमरेएवढा जाड पाईप,
त्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर गादीचा तुकडा.
वास होता, खोटं कशाला बोलू.
उंदीरही होता, त्याला नाव होतं, ते मी विसरले.
पण ऊब!
कान आधी दुखले, मग माझे झाले.
बोटांत मुंग्या आल्या, मुंग्यांमागून बोटं आली.
वर तेमूलेन पाय आपटत होता
कोटांनी भरलेल्या गाडीशेजारी.

दोरा ओवला. अस्तर उलटून पाहिलं.
टीप आमच्याच कारखान्याची.
माझी की शेजारी बसणाऱ्या दारिमाची, सांगता येत नाही.
शिवायला घेतलं तर त्याने कोट ओढला.
"मला येतं. सैन्यात शिकलो."
खरंच येत होतं. टाके माझ्यापेक्षा बारीक.
मी नुसती बसले, हात पाईपाजवळ धरून,
पाहुणीसारखी.

कुठे राहता, त्याने विचारलं.
तेराव्या वस्तीत, म्हटलं, चौथा मजला.
त्याने दोरा दातांनी तोडला.
"हा पाईप तिकडेच जातो.
पाणी नीट गरम पोचतं ना?"
जणू तोच पाठवत होता.

वर आल्यावर तेमूलेनने विचारलं, काय लिहू?
लिही, म्हटलं. नामजिल. माप नाही. नग एक, सुई.
सही राहिली.
झाकण पुन्हा लागलं होतं.
उरलेले कोट पुलाखाली वाटले.
लाल पोशाख कुणालाच आला नाही.
सूट एकाने सगळ्या कपड्यांवरून चढवला
आणि आम्हाला सलाम ठोकला.

मध्यरात्री घरी.
हात कॉलरकडे गेला, रिकामा परत आला.
खिडकीखालचा रेडिएटर खडखडला, रोजच्यासारखा.
त्यावर तळहात ठेवला.
पोचतंय, म्हटलं.