नावाने

यंदा काजूकतलीचा तो डबा आला नाही.
तोच, जो तळमजल्यावरच्या धुरूंकडून आमच्याकडे,
आमच्याकडून विहीणबाईंकडे
आणि पाडव्यापर्यंत परत धुरूंकडे पोचतो,
एक कोपरा आणखी चेपून.

चतुर्दशीला सकाळी कुरिअरचा पोरगा
पातळसं पाकीट देऊन गेला.
आत पणतीचं चित्र आणि अन्विताचं अक्षर:
आत्या, तुझ्याकडे सगळं आहे,
म्हणून या वेळी तुझ्या नावाने
परळच्या धर्मशाळेत भाऊबीजेचं जेवण दिलंय.

सगळं आहे, खरंच.
मिक्सरच्या भांड्याचं रबर जूनपासून गेलंय,
ते तिला कुठून कळणार?
फोनवर आम्ही हवेबद्दल बोलतो.

सोबत पावती. कलम ऐंशी-जी, गोल शिक्का,
आणि निळ्या शाईत
कै. शशिकला धैर्यवान यांच्या स्मरणार्थ.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
कै. होतंच.

नावाने काय काय करतात आपल्याकडे!
खडे फोडतात, शंख करतात.
टेलिफोन खात्यात एका साहेबाने माझ्या नावाने
तीन पानी तक्रार केली होती, सत्त्याऐंशी साली.
आणि एखाद्याला कायमचं सोडून द्यायचं
तर त्याच्या नावाने आंघोळ.
मी नुकतीच उटणं लावून न्हाले होते.
केसांतून पाणी पावतीवर टपकलं,
शाई फुटली,
पण कै. कोरडंच राहिलं.

भाऊबीजेला दुपारी गेले, खेतवाडीतून टॅक्सी करून,
ते अक्षर काढून घ्यायला.
आधी कधी आत गेले नव्हते.
बबन शेवटी शेवटी समोरच्या हॉस्पिटलात होता
तेव्हा अन्विता इथे अंघोळीला यायची,
एवढं माहीत होतं.

पागधरे नावाचे गृहस्थ टेबलाशी.
पावती पाहिली, मला पाहिलं,
पुन्हा पावती.
"बाई, जिवंत माणसाच्या नावाने
इथे कुणी देत नाही सहसा.
फॉर्मवर कै. छापूनच येतं."
मग जरा थांबून,
"आता आलाच आहात तर जेवून जा.
तुमचंच आहे."

फळ्यावर खडूने माझं नाव.
आडनावातला 'धै' कुणीतरी जपून काढलेला.
पंगतीत शेजारी चंद्रपूरकडची बाई,
तिच्या मांडीवर मास्क लावलेलं पोर,
डोक्यावर एक केस नाही,
आणि शिऱ्याच्या वाटीवरून नजर हलत नाही.
"आज गोड हाय," ती म्हणाली,
फळ्याकडे पाहून हात जोडले.
"गेल्या त्या बाईच्या आत्म्याला शांती मिळो."

"मिळाली," मी म्हटलं, तोंडात घास.
तिला ऐकू गेलं नसावं.

आमटीत मीठ कमी होतं.
वाढणाऱ्याला सांगणार होते,
पण कैलासवासी माणसाने मीठ मागू नये.
पोराने मास्क हनुवटीवर ओढला
आणि शिरा खाल्ला बोटाने,
आधी बेदाणे, मग बाकीचा.
माझी वाटी मी त्याच्याकडे सरकवली.
बबनही असाच खायचा.
तबकात पाकीट टाकायचा आणि म्हणायचा,
मोजू नकोस लगेच.

जाताना पागधरे डस्टर घेऊन उठले,
"चूक दुरुस्त करतो."
म्हटलं, राहू दे, दिवस संपत आलाय.
त्यापेक्षा एक फॉर्म द्या.

जानेवारीत तिचा वाढदिवस असतो.
नावाच्या रकान्यात लिहिलं, अन्विता बबन धैर्यवान.
मागे छापील कै. उभं.
त्यावर काट मारली,
मग आणखी एक,
मग इतकी जोरात
की कागद फाटला.

पागधरे काही बोलले नाहीत.
ड्रॉवर उघडून
दुसरा फॉर्म काढला,
आणि या वेळी कै. त्यांनीच खोडलं,
पट्टी लावून.