विषय क्रमांक सात

माझं काम नोंद घेण्याचं. मत देण्याचं नाही.
म्हणून लिहिते: सभा सात वाजता सुरू, हीटर बंद,
एकोणीस नागरिक, बहुतेक कोट न काढता बसलेले.
स्केल्थॉर्पमध्ये नोव्हेंबरात कोण कोट काढतो.

विषय सात: जुन्या बस डेपोच्या जागेतली
अकरा पिवळी कंटेनर-दुकानं.
कागदोपत्री ‘नवउद्यम प्रांगण’,
गावाच्या तोंडी नुसते डबे.

वित्त विभागाच्या लिनेट ओकशॉट पडद्यावर आलेख दाखवतात.
कर्ज तीन लाख चाळीस हजार पौंड.
भाडं पहिले सहा महिने माफ, पुढचे सहा निम्मं,
त्यानंतरचं सगळं ‘अपेक्षित’ या रकान्यात.
गाळे भरलेले: ब्याण्णव टक्के.
अकराचे ब्याण्णव टक्के म्हणजे दहा आणि वर एक तुकडा.
तुकड्यात कोण बसतं, मी विचारत नाही.

कौन्सिलर पेटिफर म्हणतात, रोप लावलं की
दुसऱ्या दिवशी उपटून मुळं बघायची नसतात.
मागून कुणीतरी: रोप कसलं, प्लास्टिकची कुंडी आहे ती!
हशा.
दुसरं कुणीतरी: धक्क्यावरचं शौचालय तीन वर्षं कुलपात,
आणि आपण डब्यांना रंग फासतोय.
टाळ्या. दोन्ही मी लिहिते. पूर्वी लिहीत नसे.

मग विनिफ्रेड गार्बट उठतात.
वय एक्याऐंशी, त्यातली चाळीस बँकेच्या खिडकीमागे.
त्यांच्याकडे आलेख नाही. गॅसच्या बिलांची चळत आहे,
पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीच्या उभ्या रेघा.
दर मंगळवारी पाच वाजता कुत्र्याला फिरवताना
त्या पेटलेले दिवे मोजतात.
मार्च: सात.
जून: उजेड होता, म्हणून उघडी शटरं. पाच.
ऑक्टोबरपासून चार.
‘चाराचे ब्याण्णव टक्के कसे होतात, एवढं सांगा. मी थांबते.’
आणि त्या खरंच थांबतात, उभ्यानं.

लिनेट म्हणतात, करार झाला की गाळा भरलेला धरतात.
आत कुणी बसतं का, हा वेगळा निकष.
त्या खोटं बोलत नाहीत.
त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्यात,
ते नोंदीत येत नाही.

तेव्हा शेवटच्या रांगेतून रेबवार उठतो. गाळा सहा,
फोन आणि मनगटी घड्याळं दुरुस्त करणारा.
‘बाईंचे चार बरोबर आहेत. पण त्यातले तीन माझेच.’
कुणाला काही कळत नाही.
‘डावीकडचा डोनटवाला पोरगा एप्रिलमध्ये गेला.
उजवीकडच्या लोकरवाल्या मॅव्हिसबाई आजारी.
किल्ल्या माझ्याकडे ठेवल्या दोघांनी.
दोन्ही बाजूंना अंधार असला
की गिऱ्हाईक फाटकातूनच मागं वळतं.
म्हणून वायर ओढली. बिल मी भरतो.’
‘आणि चौथा?’
‘चौथा तुमचा. माहिती कक्ष.
त्यात माणूस नसतो. दिवा असतो.’

या वेळी हशा नाही.
विनिफ्रेडबाई चष्मा काढतात,
बिलं उलटी करून मांडीवर ठेवतात,
छापील रकमेची बाजू वर.
चाळीस वर्षांत त्यांची रोकड
एका पेनीनंही चुकली नव्हती म्हणतात.

ठराव: अहवालाची नोंद घेण्यात आली.
पुढचा आढावा मार्चमध्ये.
बाजूनं सात, विरोधात चार, तटस्थ एक.
विनापरवाना वायरजोडणीबाबत
संबंधितास पत्र पाठवावं.
हे लिहिलं, कारण हे ठरलं.

परतताना डेपोपाशी गाडी हळू केली.
नऊ वाजून गेलेले, समुद्राकडून तिरपा पाऊस.
डाव्या डब्यात अंधार. उजव्या डब्यात अंधार.
मधल्या उजेडात विनिफ्रेडबाई,
कुत्रा कोटाच्या आत,
काउंटरवर स्वतःचं घड्याळ सोडून ठेवताना.
ते बंद पडलेलं नसावं, असं मला वाटलं.
पण काच ओली होती, अंतर बरंच.
खात्रीनं सांगता येणार नाही.