पावती

पहिल्या दिवशी कचेरीत एक टेबल होते, पंखा होता,
आणि रबरी शिक्का, अजून प्लास्टिकच्या पिशवीतच.
पावतीपुस्तकाचा पहिला कागद कोणी फाडायचा
यावर आम्ही अर्धा तास हसत होतो,
मी आणि बेरांग, माझा मदतनीस, वय एकोणसाठ,
ज्याने जन्मात कधी कर भरला नव्हता
आणि आता तोच गोळा करायला बसला होता.

नाउरू. बेट एवढेसे की एकच रस्ता,
तोही आपलीच शेपूट तोंडात धरलेला.
न्याहारी करून चालू लागलात
तर जेवायला पुन्हा आपल्याच दारात.

बेरांग सांगायचा :
आमच्या पायाखाली फॉस्फेट होते.
किती हजार वर्षांची पाखरांची शीट,
आमच्या बापजाद्यांची पुंजी!
जहाजे यायची, भरून जायची.
दाढ दुखली की मेलबर्नचे विमान.
काकाने एका महिन्यात दोन मोटारी घेतल्या,
दुसरीत कोंबड्या अंडी घालायच्या.
कर? तो काय असतो?
चांगले दिवस होते साहेब, खोटे कशाला बोलू.

कर नाही त्याला डर कशाला,
असे माझ्या तोंडून मराठीत निसटले.
म्हणीचा अर्थ वेगळा, ठाऊक आहे मला,
पण त्या उन्हात ती तशीच ऐकू आली.

एका रविवारी त्याने मला वर नेले, बेटाच्या पोटात.
माती खरवडून उरलेले चुनखडीचे सुळके,
मासा खाऊन ताटात ठेवलेला सांगाडा जणू.
'आमची जमीन आता
दुसऱ्यांच्या शेतात गहू होते,' तो म्हणाला,
राग न येता, हवामान सांगावे तसा.
हिशेब नाही मागितलात कधी?
'कशाच्या जोरावर? पैसा आमच्या खिशातून गेलाच नव्हता.
खिशात नव्हतेच ते हरवले, हे कळणार कसे?'

हॉटेलात एक कंत्राटदार भेटायचा, ब्रिस्बेनचा.
कर म्हणजे घामाला दंड, म्हणायचा,
आखातात बघा, कर नाही आणि काचेचे मनोरे आहेत.
मी बिअर संपवायचो. तो अगदीच चूक नव्हता.
नुसत्या करानेच राज्य सुधारते
तर जगातले सगळे जकातनाके देवळे झाले असते.

मग युफेमिया देबाओ.
शाळेची मुख्याध्यापिका, पायात रबरी सपाता.
पगाराच्या कागदावरची वजाबाकी
तिने बोटाने दाबून पाहिली, मुका मार दाबतात तशी.
पावती घेतली. गेली.
दुसऱ्या महिन्यातही तसेच.

तिसऱ्या महिन्यात आली ती बायबल घेऊन.
आतून तिन्ही पावत्या काढल्या, टेबलावर मांडल्या,
पत्त्यांसारख्या.
'शाळेची पाण्याची टाकी गळते.
यातले किती पैसे टाकीचे?'

मी म्हटले, ते खाते पलीकडच्या इमारतीत.
'शिक्का तुमचा आहे,' ती म्हणाली.
ते खाते, बाई, मंत्रालयाच्या अखत्यारीत…
'शिक्का तुमचा आहे.'

बेरांगने उठून तिला आपली खुर्ची दिली
आणि तिच्या मागे जाऊन उभा राहिला.
टेबलाच्या तिकडच्या बाजूला. मला ते दिसले.

माझ्या भाषेत कर म्हणजे हात.
इतकी वर्षे नोकरी केली,
पुढे आलेला हात सरकारचाच असतो
असे धरून चाललो होतो.

टाकी अजून गळते. परवाच पाहून आलो,
खाली मुलांनी बादली लावली आहे,
बादलीत कोणाची तरी कागदाची होडी.

काल बेरांग नोंदवहीत पट्टी धरून
एक जादा रकाना आखत होता.
याला नाव काय देऊ, त्याने विचारले.
मला सुचेना. राहू दे कोरा, म्हटले.

आज सकाळी उघडून पाहतो तर
त्याने पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिले आहे :
युफेमिया.