दरजा

विर्क्सवर्थच्या चढावर, बंद पडलेल्या एका प्रार्थनाघराच्या
उत्तरेकडच्या भिंतीला परांची बांधली आहे.
तिच्यावर गुडघे टेकून मी सकाळपासून
छिन्नीने सिमेंट काढते आहे.
वडिलांना अजून सांगितलेलं नाही.

कराडला त्यांचं सिमेंटचं दुकान.
माझी फी, माझा पासपोर्ट, विमानाचं तिकीट,
सगळं पन्नास किलोच्या गोण्यांतून निघालं.
"एकदा बसलं की शंभर वर्षं हलत नाही,"
गिऱ्हाइकाला सांगत, आणि टिचकी मारून दाखवत
स्वतः ओतलेल्या काउंटरच्या कडेवर.

हलत नाही, हे खरं.
म्हणून तर दगड गेला.
पाणी भिंतीत कुठूनही शिरतं,
बाहेर पडायला मात्र त्याला मऊ वाट लागते.
ती बुजवली की ते दगडातूनच निघतं,
डिसेंबरात गोठतं, फुगतं,
आणि वालुकाश्माचा पापुद्रा
अलगद सुटून हातात येतो.
दरजा तशाच, करड्या, करकरीत,
दगड मागे सरल्यावर पुढे आलेल्या,
म्हाताऱ्या हातावरच्या शिरा.

खाली विल्फ ऑलेरेनशॉ चुना मळतो. वय सत्तर.
कळीचा चुना उन्हाळ्यातच विरवून ठेवलेला,
वर बोटभर निवळी, तळाला लोणी.
त्याला सांगितलं, आमच्याकडे
चुना लावणं म्हणजे फसवणं.
इतका हसला की फावडं टेकवून उभा राहिला.
मग म्हणाला,
"मी चौऱ्याहत्तर साली सिमेंटने लावला."

मला आधी कळलंच नाही.
तो वर आला, शिडीच्या दर पायरीवर थांबत,
खिडकीच्या डाव्या अंगाला बोट ठेवलं.
"हे माझं. एकोणीस वर्षांचा होतो.
मुकादम म्हणाला, पोरा, हे कायमचं झालं.
घरी जाऊन आईला सांगितलं. कायमचं!"
त्याने माझ्या हातातून छिन्नी घेतली.
पहिला घाव हलका.
दुसरा नाही.

जेवणानंतर दरजांवर पाणी मारलं,
आतली धूळ ब्रशने काढली,
चुना आणि नदीची खरबरीत वाळू
थापीच्या टोकाने दाबत गेले, खोलपर्यंत.
हा माल मुद्दामच दगडाहून दुबळा.
आधी दरजेने झिजायचं, हेच तिचं काम.
पुढे कधीतरी कुणी येईल,
तिला खरवडेल, पुन्हा भरेल,
दगड जागेवर असेल.
भट्टीत गमावलेला श्वास
चुना हवेतून थोडा थोडा परत घेतो
आणि सावकाश पुन्हा दगड होतो.
घाई केली तर नुसती भुकटी.
अंधार पडताना ओलं गोणपाट टाकलं.
ऑक्टोबर सरत आला, हिव पडेल.
विल्फने दोनदा टोकं खोचली,
पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तशी.

रात्री वडिलांचा फोन.
"हल्ली नेमकं काय करतेस?"
तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही,
भिंतीचा फोटो पाठवला.
त्यांनी तो मोठा करून पाहिला असणार,
कारण बराच वेळ नुसती पंख्याची घरघर.
मग तंबाखूच्या डबीचं झाकण उघडल्याचा आवाज;
नखावर चुना घेतला असेल,
अंगठ्याने मळत असतील.

"सिमेंट काढतेस."
"हो."
"बोटं भाजतात का चुन्याने?"
"थोडी."
"आणि याचे पैसे देतात?"
"देतात."
पंखा.
"मग छिन्नी आडवी धर.
दगडाला लागू देऊ नकोस."