कुंभारीण

खोलीतून बाहेर आलं की लेन्सवर वाफ धरते,
दहा मिनिटं काहीच दिसत नाही.
शारजातला ऑगस्ट, सकाळचे साडेसहा.
कॅमेरा पोटाशी धरून मी उभा.
कुणाची तरी वाट बघत असेन, असं लोकांना वाटतं.

बघतोच आहे.

मागच्या बोळात, एसीच्या नळीखाली
ठिबकून ठिबकून वीतभर चिखल झालाय,
अख्ख्या गल्लीतला एवढाच.
तिथं ती येते. कंबर म्हणजे आहे-नाही.
ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी वळते
आणि उडते वर, चौथ्या मजल्यावरच्या
कुणाच्या तरी बंद डिशकडे.

इमारतीचा राखणदार गुलजरीन
(इथं त्याला नातूर म्हणतात)
पहिल्या दिवशी म्हणाला, फोटो मना है.
आता रात्रपाळी संपवून गुडघ्यांवर बसतो,
बोळात उजेड पुरत नाही म्हणून टॉर्च धरतो,
श्वास माझ्याहून जास्त रोखून.
"जरा डावीकडे," मी मराठीतच बोलून जातो
आणि तो डावीकडेच नेतो.

चौऱ्याहत्तर फोटो. सगळे हललेले.
एकच स्वच्छ आलाय,
त्यात ती नाही.
ओला चिखल, तिनं खरवडलेली खाच,
कडेला टॉर्चवरचा त्याचा अंगठा.

बाकीचे पुसले.