काळजाचा रकाना

फर्मागुडीच्या पठारावर, लॅबमध्ये,
रात्री दहानंतर एसी आपोआप बंद होतो.
मशीन चालूच.
पडद्यावर एक माणूस उभा आहे
दोन-दोन मिलिमीटरच्या ठोकळ्यांनी रचलेला.
वय चौतीस. नाव दिलेलं नाही.
त्याच्या अंगावर मी लाट सोडते.

चरबीतून ती फारशी न अडता जाते.
स्नायूत शिरली की आखूड होते, जड होते,
आणि बरीचशी तिथेच राहते, ऊब होऊन.
एका पावलात चार पिकोसेकंद.
त्याला एक पूर्ण सेकंद जगायला
किती शतकं लागतील हे मी एकदा मोजलं,
कुणाला सांगितलं नाही.

कुठ्ठाळीला आमच्या शेजारी किटेरीमावशी.
बांबोळीला तिला पेसमेकर बसवला, मागच्या वर्षी.
आता बेकरीच्या गच्चीवर टॉवर येणार म्हणतात.
फोन ब्लाऊजात ठेवायची सवय काही सुटत नाही.
मला म्हणाली,
"तीं ल्हारां काळजांत वतात काय गो?"

मी यादी काढली.
यकृत आहे. हृदयाचा स्नायू आहे. रक्त आहे,
डोळ्यातल्या पाण्याचासुद्धा आकडा आहे.
काळीज नाही.
खाटकाकडे काळीज मागितलं तर एक मिळतं,
मावशीच्या तोंडात दुसरं असतं,
आणि मी ज्याच्या जोरावर होय म्हणून बसले
ते तिसरंच.

म्हणून त्या माणसाच्या डाव्या गळपट्टीखाली
धातूची डबी ठेवली. तिची तार खाली सोडली.
जगाच्या कडेला आठ थर लावले,
पोचलेली लाट गिळून टाकणारे,
काही परतून येऊ नये म्हणून.
बाबा खाजनातल्या मानशीची दारं सांभाळतात,
भरतीला मिटणारी, ओहोटीला उघडणारी;
त्यांना हे आठ थर सांगितले तर म्हणाले,
"आणि गेलेलं पाणी जातं कुठं?"

पहाटे आकडा आला.
दशांशचिन्हानंतर नुसती शून्यं, मग एक चार.
रविवारी रंगीत प्रिंट घेऊन गेले.
मिसाहून आलेली मावशी पायरीवर बसली होती,
चष्मा पुसून तिनं माणूस पाहिला,
निळा, खांद्यापाशी जरा हिरवा.
आकडा पाहिलाच नाही.
"हाका भुरगीं आसात गो?"

माहीत नाही, म्हटलं.

मग तिनं ब्लाऊजातला फोन काढला
आणि डावीकडून उजवीकडे ठेवला,
गरज नाही म्हणत होते तरी,
माझं मन राखायला.